पणसायमळ, दोन रात्री

रिवणाच्या पुढे कदंब बस मला उतरवून वळली
आणि धूळ खाली बसेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो,
कुठल्या बाजूला जायचं हे माहीत असूनही.

खुशाली वेळीप कुळागरातून आला, कमरेला कोयता.
म्हणाला, तुमी एकटेच?
एकटाच.

खोली म्हणजे छातीपर्यंत मातीची भिंत,
वर झावळ्यांचं छप्पर, आणि मध्ये नुसती हवा.
न्हाणीत तांब्याचं भाणं, त्यामागे एक बेडूक, कायमचा भाडेकरू.
मच्छरदाणीला तीन ठिगळं, तीन वेगळ्या लुगड्यांची.
फोन लागायला हवा असेल तर, सुकांती म्हणाली,
गोठ्यामागच्या खडकावर उभं राहायचं,
पण वारुळाकडे पाठ करायची नाही. तिथे सातेरी आहे.
मी वारुळाकडे तोंड करून उभा राहिलो.
फोन लागला नाही. कुणाला करायचा होता
हेही मग आठवेना.

रात्री पेज, खाऱ्या बांगड्याची किसमूर.
कंदील विझल्यावर भेकर ओरडलं, एकदा, दाराबाहेर असल्यासारखं,
आणि त्यानंतरची शांतता मी पहाटेपर्यंत ऐकत राहिलो.

सकाळी कुशावतीच्या वळणावर गेलो.
जांभा. मैलभर जांभा, काळा पडलेला, भोकाभोकांचा,
काही म्हणता काही नाही.
खुशालीनं तेलाच्या जुन्या कॅनमधून पाणी ओतलं
आणि दगडातून बैल उठला.
मग हरीण. मग पाय फाकवून उभी एक बाई.
मग ते चक्र, वाट वाटेत गुंडाळलेली,
हातभर रुंद.
आमी म्हणटाले, गोरवां राखपी पोरांनी काडलां, तो हसला,
आतां म्हणटात, हजारांनी वर्सां जालीं.
कोण जाणा.

त्याला मी सांगितलं नाही.

हे वळण मी काढलेलं आहे.
सत्तावीस वर्षांपूर्वी, कुडचड्याच्या कचेरीत, ट्रेसिंग कागदावर,
खाण कंपनीचा नक्षेदार होतो तेव्हा.
नदी माझ्या हाताला सुबक आली होती, साहेबांनी तोंड भरून वाखाणली.
वळणाच्या पोटात मी तिरप्या रेघा मारल्या
आणि बारीक अक्षरात लिहिलं: खडकाळ, निरुपयोगी.
याचा अर्थ इथे माती टाकायला हरकत नाही,
हे मला ठाऊक होतं. आणि जेवायची सुट्टी झाली होती.

वरच्या अंगाला अजून तो लाल डोंगर आहे,
डोंगर नसलेला.
त्याच्यावर आता सुरूची झाडं, ओळीत लावलेली.

मी उकिडवा बसलो, बोट चक्रात घातलं.
रेघ सगळीकडे सारख्या जाडीची. हे काही सोपं नाही,
दगडावर तर नाहीच, दगडानंच तर नाहीच नाही.
माझ्यापेक्षा बरा हात.
बोट मध्याशी पोचेपोचेतो बाहेर फेकलं जायचं,
पुन्हा आत, पुन्हा कडेला,
आणि अर्ध्यात ऊन आलं, पाणी वाळलं,
माझं बोट कोऱ्या दगडावर तसंच.
आनीक ओतूं? खुशालीनं विचारलं.
नको म्हणालो. का, ते कळलं नाही.

दुसऱ्या रात्री सुकांतीनं विचारलं, तुम्ही करता काय?
रेघा मारायचो.
तिनं कालनिर्णयचं मागचं पान फाडून पुढे केलं:
मग बसपासून घरापर्यंतची वाट काढून द्या,
पाहुणे चुकतात.

काढली. फणसाचं झाड, साकव, गोठा, वारूळ.
वळणापाशी पेन थांबलं.
इथे काय लिहू?
लिहू नका, बैल काढा, ती म्हणाली.
काढला.
तिनं कंदिलाजवळ धरून पाहिला, बराच वेळ.
कुत्रा दिसतो, म्हणाली,
आणि भाकरीच्या पिठाची खळ लावून
खांबावर चिकटवला.